फ्रेम घ्यायला आम्ही चौघं

सायकलची फ्रेम घ्यायला आम्ही चौघं गेलो. मी, आई, बाबा आणि मामा. मामा टेम्पो घेऊन आला होता, कारण आईने त्याला फोनवर "पोरगी सायकल घेतेय" एवढंच सांगितलं होतं. आमच्याकडे मोठी वस्तू घ्यायला कुणी एकटं जात नाही. फ्रिज आणायला अर्धी सोसायटी गेली होती. माझी कॉलेजची अॅडमिशन घ्यायलाही बाबा, मामा आणि शेजारचे एक काका आले होते. तिघांपैकी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं, पण खिडकीतल्या माणसाला तिघांनी मिळून घाम फोडला. पुढची पदवी मात्र मी एकटीने काढली. आजोबा गिरणीत, बाबा बँकेत शिपाई आणि मी बी.एस्सी. घरातली पहिली. कुणी विचारलं नाही तरी मी हे सांगते.

आता फ्रेमच का, आख्खी सायकल का नाही, ते सांगते. माझी जुनी सायकल मातीच्या वाटांवर चालवायची. पुढे शॉक, मागे काही नाही, म्हणजे हार्डटेल. चाकं, गिअर, ब्रेक, शॉक, सगळं मी एकेक करून चांगलं बसवून घेतलं होतं. सकाळी आरेच्या रानात, रविवारी बोरिवलीहून बोटीने गोराईला आणि तिथल्या टेकडीवर. मग मला लांब जायची हौस सुटली. त्या फ्रेमला कॅरिअर बसवायची सोयच नव्हती, म्हणून मी पट्टे आवळून एक कॅरिअर सीटखालच्या पाइपला लटकवलं आणि सामान लादून फिरले. एक दिवस सायकल धुताना त्या पाइपच्या जोडाशी केसाएवढी चीर दिसली. बोट फिरवलं, तर नखाला लागली. वाट लागली होती.

पण खरं सांगू, मला वाईट कमी वाटलं आणि आनंद जास्त झाला. आता नवी फ्रेम घ्यायला कारण मिळालं होतं.

मला दोन गोष्टी हव्या होत्या आणि त्या एकाच फ्रेमवर हव्या होत्या. खडकाळ उतारावर घुसता आलं पाहिजे, आणि दोन्ही बाजूंना बॅगा लावून सागरी रस्त्याने गावाला, मालवणपर्यंत, जाता आलं पाहिजे. शिमग्याला सगळं घर गाड्यांनी जातं, मी सायकलवर जाणार असं मी जाहीर करून टाकलं होतं. दोन सायकली ठेवण्याचा प्रश्नच नव्हता. चारकोपच्या आमच्या घरात सायकल शिलाई मशीनच्या वर भिंतीला टांगलेली असते, आणि आईने एका हुकाची परवानगी दिलीय, दुसऱ्याची नाही. म्हणजे फ्रेम चुकली की गाव गेलं, नाहीतर टेकडी गेली.

तीन महिने मी रोज रात्री जेवल्यावर मोबाइलवर फ्रेमच बघत होते. आई म्हणाली, "स्थळं बघावीत तशी बघतेयस. बरं झालं, काहीतरी बघतेस." मी कोन बघत होते, पाइपची लांबी बघत होते, मागच्या त्रिकोणात कॅरिअरचे स्क्रू जायला आट्यांची भोकं आहेत का ते बघत होते. माझी चाकं त्यात बसतील ना, ते बघत होते. औषध कंपनीत, कामावर, लॅबमध्ये गोळ्यांच्या बॅचचं वजन तपासताना माझ्या डोक्यात फ्रेमच असायची. शेवटी एक सापडली. स्टीलची. थोडी जड, पण मागे भोकं, पुढे भोकं, बाटल्यांना भोकं, आणि तरीही पुढचं तोंड मातीत उतरायला हवं तेवढं कललेलं. जोगेश्वरीच्या एका दुकानात ती दोन मापांत होती, स्मॉल आणि मीडियम. आणि मापांच्या तक्त्यावर माझी उंची बरोब्बर दोघांच्या मधल्या रेघेवर.

दुकानात शिरलो. भिंतीवर नुसत्या फ्रेम टांगलेल्या. बाबा खालून वर बघत राहिले.

"ह्यां काय गो? चाकां खंय?"

"चाकं आपली आहेत, बाबा. फक्त हे घ्यायचंय."

"म्हणजे हाडां घ्यायची."

मामा म्हणाला, "आणि मी याच्यासाठी टेम्पो धुऊन आणला? हे तर मांडीवर बसून जाईल."

दुकानदार माझ्याच वयाचा, हाताला ग्रीस, स्वभावाने तिखट. त्याने दोन्ही मापं खाली काढली. हिरवट रंग, शेवाळलेल्या दगडासारखा. मी हात फिरवला. वेल्डिंगचे टाके छोटे, सारखे. माझं काळीज असं धडधडत होतं की मला स्वतःचंच हसू आलं. निकालाच्या दिवशीही इतकं झालं नव्हतं.

"मॅडम, तुम्हाला दोन्ही चालतात," तो म्हणाला. "पण ठरवून सांगा. हँडलच्या बेअरिंगच्या वाट्या मी इथेच प्रेसने दाबून बसवतो. एकदा वाट्या बसल्या की फ्रेम तुमची. बदलून नाही देणार, आताच सांगतो."

बाबांनी दोन्ही फ्रेम शेजारी धरल्या. "मोठी घे."

"का?"

"का म्हणजे? सारखीच किंमत, लोखंड जास्त."

आणि इथे आमच्या घराची रीत आली. आमच्याकडे कुणी आपल्या मापाचं काही घेतच नाही. सगळं वाढत्या अंगाचं. माझा पहिलीचा गणवेश चौथीपर्यंत चालला. बाबांचा बँकेतला कोटही एक नंबर मोठा, आणि तो मिळाला तेव्हा ते पस्तिशीचे होते. लहान माप घेणं म्हणजे आम्हाला फसल्यासारखं वाटतं. आईही म्हणाली, "मोठंच बरं गं. घट्ट झालं तर काय करणार?"

"आई, ती फ्रेम आहे. धुतल्यावर आटत नाही."

"तू शिकलेली आहेस म्हणून उलट बोलू नकोस."

मामा म्हणाला, "छोटी घेतलीस ना, तर गावात सगळे म्हणतील, मुंबईहून पोराची सायकल पळवून आणली."

मला हसू येत होतं, पण खरं म्हणजे मलाही मोठीच हवी होती. दुकानदाराची स्वतःची सायकल त्याच मॉडेलची होती, मीडियम, कॅरिअरसकट जोडलेली. त्याने ती मला गल्लीत फिरवायला दिली. काय सांगू. हात लांब पसरलेले, पाठ ताणलेली, समोर रुंद हँडल. म्हशीवर बसून गावच्या बाजारातून निघाल्यासारखं वाटलं, सगळे बाजूला होतायत. कोपऱ्यापर्यंत गेले, वळले, आले. बाबा दुकानाच्या पायरीवर उभे राहून असे बघत होते जणू ते मॉडेल त्यांनीच काढलंय.

"झकास," मी म्हटलं. "मीडियम द्या."

दुकानदार आत प्रेस आणायला गेला. मी अजून त्या सायकलवरच होते, एक पाय पायरीवर. मग पाय बदलून खाली उतरले. उतरले म्हणजे, गल्लीच्या कडेला गटाराच्या फरशा जरा खाली बसलेल्या होत्या, पाय तिथे पडायला गेला आणि पडलाच नाही. वरचा पाइप आधी लागला. कुठे लागला ते लिहीत नाही. मी हँडल घट्ट धरून उभी राहिले आणि डोळ्यांत पाणी आलं ते दाबलं.

आईने ते बघितलं. आया अशा गोष्टी बघतात. तिने फक्त विचारलं, "लागलं?"

"थांबा," मी दुकानात ओरडले. "प्रेस नका काढू."

डोक्यात एकदम स्वच्छ उजेड पडला. गल्ली सपाट होती म्हणून राजेशाही वाटलं. गोराईच्या टेकडीवर जमीन सपाट कुठे असते? आणि वर सामान. चढावर दम संपला, सायकल थांबली, पाय टेकायचा आणि जमीन वीतभर खाली असली तर? मी, दोन बॅगा आणि ती फ्रेम, सगळे मिळून कलंडणार. मातीत आणि लांबच्या रस्त्यावर, दोन्हीकडे, जिथे थांबावं लागतं ती जागा कधीच आपल्या सोयीची नसते.

"मला स्मॉलवर उभं राहून बघायचंय," मी म्हटलं.

"मॅडम, ती जोडलेली नाही. चाकंच नाहीत. उभं कसं राहणार?"

मला आता थांबवणं कुणाला शक्य नव्हतं. मी बी.एस्सी. आहे, प्रयोग करणं मला येतं. दुकानदाराच्या सायकलवर पॅडल जिथे फिरतं ते ठिकाण जमिनीपासून किती उंच आहे ते दोरीने मापलं. दोन्ही मापांत ती उंची सारखीच, असं त्यानेच सांगितलं. ती दोरी स्मॉल फ्रेमच्या त्याच जागी बांधली आणि खालच्या टोकाला एक नट अडकवला.

"बाबा, तुम्ही पुढून धरा. मामा, तू मागून. नट जमिनीला टेकेल एवढीच उचला. ना वर, ना खाली."

दोघांनी धरली. आता हे दोघे गावचे. शिमग्याला देवाच्या पालखीचा दांडा खांद्यावर घेऊन वाडीवाडीत फिरलेले. काहीतरी दोन माणसांत उचललं की त्यांच्या अंगाला आपोआप कळतं, कुणी किती दबायचं. नट जमिनीला जेमतेम लागला आणि तिथेच राहिला. मी पाय टाकून मध्ये उभी राहिले. खाली दोन्ही पाय सपाट, वर चार बोटं जागा.

"आता हा डावीकडे उतार आहे," मी म्हटलं. "कलवा."

मामाने कलवली. बाबांनी कलवली. मग मामाच्या अंगात शिमगा आला. त्याने गुडघे जरा वाकवले आणि फ्रेम डुलवायला लागला, तोंडाने ढोल धरून. बाबा "अरे, अरे" म्हणत होते, आणि म्हणता म्हणता त्यांचेही पाय पडायला लागले. मी मध्ये, फ्रेम मांड्यांच्या मध्ये डावीकडे, उजवीकडे, पुढे, मागे. पाय एकदा इथे, एकदा तिथे, आणि प्रत्येक वेळी खाली जमीन. प्रत्येक वेळी. दुकानदार भिंतीला टेकून हसत होता. बाहेर दोन गिऱ्हाइकं थांबली, त्यांना वाटलं इथे सायकली अशाच विकतात.

"पडेल रे माझी पोर," आई म्हणाली, पण तीही हसत होती.

"नाही पडत," मी म्हटलं. "हेच तर बघायचं होतं."

एकच शंका उरली. लहान फ्रेमवर मागच्या बॅगा टाचेला लागतील का? दुकानदार म्हणाला की चाकाच्या बाजूचे दांडे दोन्ही मापांत सारखेच लांब, आणि तुमचा पाय लहान. पण मी ऐकून सोडणारी नव्हते. आईच्या पर्समध्ये घडी केलेल्या दोन कापडी पिशव्या असतातच, लग्नाला गेली तरी असतात. त्या टेम्पोतल्या पाण्याच्या बाटल्यांनी भरल्या, दुकानदाराच्या कॅरिअरला लटकवल्या आणि पॅडल उलटं फिरवून बघितलं. टाच सुटून जात होती.

"स्मॉल," मी म्हटलं. "बसवा वाट्या."

बाबांनी फ्रेम खाली ठेवली नाही. "बघ हां. एकदा ठोकली की ठोकली."

"बाबा, माझी तिशी उलटली. मी वाढायची थांबले."

"तुका काय म्हायत," ते म्हणाले, पण फ्रेम त्यांनी स्वतःच्या हाताने दुकानदाराला दिली. मामा म्हणाला, "भाओजी, ती उंचीने थांबली म्हणतेय. बाकी कशात थांबणारी नाही ती." दुकानदाराने प्रेसचा दांडा फिरवला. वाटी एकेक रेघ आत सरकत गेली. शेवटी टक् असा आवाज आला. आईने नजर लागू नये म्हणून फ्रेमवरून बोटं फिरवून कानशिलावर मोडली.

फ्रेम टेम्पोत मागे ठेवायला मी नकार दिला. लिंक रोडने घरी येईपर्यंत ती माझ्या मांडीवर होती, मामा म्हणाला होता तशीच.

जोडून झाली त्या रविवारी गोराईला नेली. रिकामी नाही, भरून. दोन्ही बाजूंच्या बॅगांत आईने तांदूळ भरले, कारण वजन हवं तर कामाचं हवं असं तिचं म्हणणं. बाबाही आले, बोटीतून, मागच्या कॅरिअरवर हात ठेवून. टेकडीच्या पायथ्याशी ते सावलीत बसले आणि मी चढायला लागले. खडी, मुळं, सुकलेली लाल माती. जुन्या फ्रेमवर सामान शेपटासारखं हलायचं. हिच्यावर ते मागून गुमान येत होतं, आणि चढावरही हिचं तोंड जागेवर होतं. अर्ध्या चढावर, पावसाने खणलेल्या चरापाशी, मी मुद्दाम थांबले. सगळ्यात वाईट जागी. पाय टाकला.

जमीन होती. मी, बॅगा, तांदूळ, सगळं जागच्या जागी उभं. मी खाली वळून हात केला.

बाबांनी तोंडाभोवती हात धरले. "बरी उभी रवली गो." जरा थांबून पुन्हा, "मोठी घेतली असती तर आणि एक पिशी मावली असती."

"ती शिमग्याला पुढच्या भोकांत लावते," मी वरून ओरडले, आणि खालच्या गिअरला टाकून उरलेला चढ धरला.