उसवकाकी

शिवलेलं कोणतंही कापड हातात आलं की काकी आधी ते उलटं करायच्या. लग्नाला गेल्या तर नवरीला जवळ घेता घेता तिच्या ब्लाउजची बाही मुडपून आतली शिवण बघून घ्यायच्या. शाळेच्या गॅदरिंगसाठी मी हौसेनं नवीन पडदा शिवून आणला होता, तर दोन पोरींना तो धरायला लावून त्या त्याच्या मागं जाऊन उभ्या राहिल्या. बाहेर आल्या आणि एवढंच म्हणाल्या, "बाई, शिवणाऱ्याला घाई होती."

हातखंब्याच्या तिठ्यावर उतरून आत गेलं की आमची वाडी. तिथल्या शाळेत मी नव्यानं लागले तेव्हा सांगलीकडून आले होते, कुणाला ओळखत नव्हते. नवऱ्याची नोकरी चिपळूणला, तो शनिवारी यायचा. मला भाड्यानं खोली मिळाली ती काकींच्या शेजारी. त्यांचे यजमान बऱ्याच वर्षांपूर्वी वारले होते आणि मुलगा मुंबईला, गणपतीला आणि शिमग्याला यायचा. काकींचं खरं नाव रेशनकार्डावर होतं, ते तिथंच राहिलं. अख्खी वाडी त्यांना उसवकाकी म्हणायची.

याचं कारण असं, की वाडीत कुणी बाळंतीण व्हायची असली की घरातली एखादी बाई जुन्या सुती साड्यांचं दुपटं शिवायला घ्यायची, आणि शेवटाला कुठंतरी अडायची. मधेच फुगा यायचा, दोरा ओढला जाऊन कापडाला सुरकुत्या पडायच्या, नाहीतर चारी कोपरे चार दिशांना जायचे. मग ते दुपटं काखेत मारून ती काकींच्या पडवीत यायची. काकी दुपटं उलटं करायच्या, त्यावरून सावकाश तळहात फिरवायच्या आणि अडकित्त्याशेजारची छोटी कात्री त्या बाईच्याच हातात द्यायच्या.

"चूक कुणाची?"

"माझीच, काकी."

"मग उसवायची पण तू. मी हाय इथं बसलेली."

उसवण्याची त्यांची एक पद्धत होती. दोरा ओढायचा नाही. दर चौथा टाका कापायचा आणि मग मागच्या बाजूनं दोरा अलगद सुटू द्यायचा. कापडावर सुईची भोकं उरतात, त्यांवर पाण्याचे दोन थेंब शिंपडून नखानं उभं-आडवं घासायचं, की भोकं मिटतात. हे दाखवताना त्या फार खुशीत असायच्या. "बघ, कापड इसरला," म्हणायच्या, म्हणजे झालेली चूक विसरलं.

पण म्हणून सगळंच त्या उसवायला लावत, असं नाही. एकदा एका सुनेनं दुपटं आणलं, त्यात एक ओळ साप गेल्यासारखी वाकडी होती. तिच्या मोठ्या मुलीनं, सहा वर्षांच्या, येणाऱ्या भावंडासाठी हट्टानं घातलेली. सुनेला ती काढून टाकायची होती. काकींनी कात्री दिलीच नाही. "टोचंल, अडकंल नायतर सुटंल, ती चूक," त्या म्हणाल्या. "बाकी सगळी नक्षी." गाठ बाळाच्या पाठीला टोचते. सैल दोऱ्याच्या फासात बाळाचं बोट अडकतं. कड सुटली तर आतली चिंधी बाळाच्या तोंडात जाते. या तीन गोष्टी सोडल्या तर दुपट्यातल्या कशालाही त्या चूक म्हणत नसत.

मला दिवस गेले तेव्हा मीही दुपटं शिवायला घेतलं. वर आणि खाली आईची जुनी सुती साडी, मधे वडिलांचं मऊ झालेलं धोतर. शाळेत मी मुलांना शुद्धलेखनाच्या चुका काढून दाखवायची, पण कच्चे टाके घालून थर आधी जागेवर धरून ठेवायचे असतात एवढंही मला ठाऊक नव्हतं. मधोमध हा भला मोठा फुगा आला. काकींनी तो बघितला आणि तोवर मला 'तुमी' म्हणणाऱ्या त्या एकदम 'तू'वर आल्या.

"तूच सहा म्हयन्याची, आणि दुपटा पण पोटुशी केलास?"

आम्ही दोघी इतक्या हसलो की मला भिंतीला टेकून बसावं लागलं. मग पंधरा दिवस रोज शाळा सुटल्यावर मी त्यांच्या पडवीत बसून उसवत आणि पुन्हा शिवत होते. आईच्या साडीवरचा माझाच दोरा काढताना सुरुवातीला जीव कासावीस व्हायचा, मग सवय झाली. काकी सुपारी कातरत शेजारी बसायच्या. कधी काही बोलायच्या, कधी नाही. आईपासून लांब असल्याचं त्या पंधरा दिवसांत मला एकदाही जाणवलं नाही.

पहिलं बाळंतपण माहेरी. निघायचा दिवस आला तरी कडेची पट्टी, म्हणजे गोट, लावायची राहिली होती. काकी म्हणाल्या, "ठेव इथं. सकाळपर्यंत करून देतंय." दुसऱ्या दिवशी तिठ्यावर एसटी लागली तशा त्या धापा टाकत आल्या आणि घडी घातलेलं दुपटं खिडकीतून माझ्या मांडीवर टाकलं. बोलायला वेळच मिळाला नाही.

सई झाली. बाराव्या दिवशी सकाळी, पाळण्यात घालण्याआधी, मी दुपटं अंथरलं आणि काकींनी लावलेल्या सवयीनं त्याच्यावरून तळहात फिरवला. तिसऱ्या कोपऱ्यात काहीतरी कचकन बोटात शिरलं. गोटाच्या घडीत सुईचं मोडकं टोक होतं, अर्ध्या नखाएवढं.

आईनं ते बघितलं. "देवानंच वाचवलं. टाकून दे ते आधी. अशी कशी गं तुझी काकी?" मला राग आला होता, नाही कशाला म्हणू. पण दुपटं टाकवलं नाही. टोक कागदात गुंडाळून पर्समध्ये ठेवलं आणि दुपटं बॅगेच्या तळाशी.

दुपारी काकींचा फोन आला. नाव काय ठेवलं, केस किती आहेत, रडते किती, सगळं विचारून झालं. मग म्हणाल्या, "दुपटा बरा हाय ना? टोचत नाय ना पोरीला?"

"छान आहे काकी," मी म्हणाले. "त्याच्यावरच झोपलीय."

सहा महिन्यांनी मी सईला घेऊन परत आले. काकींनी तिला दारातच ओवाळलं, मीठमोहऱ्या उतरवल्या, आणि मला चहासुद्धा करू दिला नाही. पण दुसऱ्या दिवशी मी पडवीत गेले तर त्या सुईत दोरा ओवत होत्या. दोरा सुईच्या शेजारून गेला. पुन्हा शेजारूनच गेला. तिसऱ्यांदाही चुकल्यावर त्यांनी वाटेनं जाणाऱ्या एका शाळकरी मुलीला हाक मारली, "ये गो, तुझी नजर कोवळी हाय." त्यांच्या मांडीवर शेजारच्या मनीषाचं दुपटं होतं. मनीषाला आठवा लागला होता.

मी तिथंच उभी राहिले. ती मुलगी निघून गेल्यावर म्हणाले, "काकी, मी तुमच्याशी खोटं बोलले."

कागद उघडून मी ते टोक त्यांच्या हातावर ठेवलं. त्यांनी ते डोळ्यांजवळ नेलं नाही, बोटानं चाचपलं.

"सुईचा टोक. कुठं होता?"

"माझ्या दुपट्याच्या कोपऱ्यात."

"पोरीला लागला?"

"नाही. मला आधीच सापडलं."

त्यांनी डोळे मिटून घेतले. म्हणाल्या, "सुई मोडलेली माझ्या ध्यानात हाय. टोक भुईवर पडला असंल म्हणून दोनदा पडवी झाडली. तुझी गाडीची येळ झालेली. गोट उसवून बघायला हवा होता. नाय बघितला." मग हळूच, "दिसत नाय मला, बाई. दोन वरसा झाली."

"मग कुणाला सांगितलं का नाहीत?"

"सांगितला असता तर कोण आली असती माझ्याकडं?"

मला रडू आलं. मी म्हणाले, "तुम्हाला वाईट वाटेल म्हणून मी बोलले नाही." तशी त्यांनी माझ्याकडं मान वळवली. त्यांचा आवाज चढला नव्हता.

"मला वाईट वाटला असता. दोन दिवस वाटला असता. पण त्या दिसापासून आणखी चार दुपटी माझ्या हाताखालनं गेली. त्या पोरांचा काय, गो?"

 

काकी उठल्या. मनीषाला हाक मारून तिचं दुपटं तिच्या हाती दिलं आणि म्हणाल्या, "गोट मी लावलाय तेवढा सगळा उसवून बघ. मला दिसत नाय." मग पायांत चपला सरकवून मला म्हणाल्या, "चल. वाट धर माझी."

त्या दुपारी सईला कडेवर घेऊन मी त्यांच्याबरोबर तीन घरं फिरले. प्रत्येक दारात त्या एवढंच बोलल्या, "मला दिसत नाय. माझी चूक झाली असंल, दुपटा बघायचा हाय." पहिल्या घरात काही निघालं नाही. दुसऱ्या घरातली सासू सगळ्यांदेखत म्हणाली, "दिसत नव्हतं तर हात कशाला घातलात?" काकी म्हणाल्या, "खरा हाय तुझा," आणि तळहात फिरवत राहिल्या. तिथंही काही निघालं नाही. पण बाहेर पडल्यावर माझ्या दंडावरची त्यांची पकड घट्ट झालेली मला कळली.

तिसरं घर पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, पलीकडं, बौद्धवाडीत. तिथं बाळ त्याच दुपट्यावर झोपलं होतं. त्याचा बाप म्हणाला, "उचलतो की त्याला, काकी." काकींनी हातानं थांबवलं. "झोपलेला पोर उचलू नको. बसतंय मी." आम्ही तासभर अंगणात बसलो. बाळ उठलं, काकींनी दुपटं मांडीवर घेतलं, आणि कडेला त्यांचं बोट थांबलं. दोऱ्याचा एक सैल फास होता, बाळाचं बोट सहज आत गेलं असतं एवढा. काकींनी माझ्याकडून तो कापून घेतला, नवा टाका त्या बाळाच्या आईला घालायला लावला, आणि त्या पोरीपुढं हात जोडले. ती इतकी गडबडली की तिनं काकींचे हातच धरून ठेवले.

चौथं दुपटं वाडीतल्या एका सुनेबरोबर मुंबईला गेलं होतं. मी व्हिडिओ कॉल लावला. पलीकडून ती सून दुपट्यावर तळहात फिरवत होती आणि काकी, ज्यांना फोनमधलं काहीच दिसत नव्हतं, सांगत होत्या, "सावकाश गो. कोपऱ्यात दाब. घाई करू नको." काही नाही म्हटल्यावर त्या घरी आल्या आणि भिंतीकडं तोंड करून झोपल्या.

मोतीबिंदू चांगला पिकला होता. ऑपरेशनला त्या भीत होत्या, म्हणून आजवर मुलालाही कळू दिलं नव्हतं. मीच त्याला फोन केला. तो रजा टाकून आला आणि रत्नागिरीच्या दवाखान्यात दोन महिन्यांच्या अंतरानं दोन्ही डोळ्यांचं झालं. दुसरी पट्टी सुटल्यावर आठवड्यानं त्यांनी माझं दुपटं मागितलं, उन्हात नेलं आणि अर्थात उलटं केलं. गोटावरचे टाके बघत राहिल्या.

"हे कुणी घातलेत गो? म्हस चालल्यागत?"

"तुम्हीच, काकी."

त्या हसायला लागल्या. डोळ्याला हात लावायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं, म्हणून मी पदरानं त्यांचे गाल टिपत होते आणि त्या हसतच होत्या. मग त्यांनी चारी बाजूंचा गोट मला उसवायला लावला आणि मलाच पुन्हा घालायला लावला. माझे टाके काही फार सरळ आले नाहीत. ते त्यांनी तसेच राहू दिले. सई पुढची दोन वर्षं त्याच दुपट्यावर झोपली.

काकींना जाऊन आता बराच काळ लोटला. मनीषाचा फोन आला तेव्हा मी गुहागर तालुक्यात होते, वेळेवर पोचले नाही. त्यामुळे माझ्यासाठी त्यांची शेवटची भेट म्हणजे माझ्या बदलीचा दिवस.

सामान टेम्पोत चढवून झालं होतं. काकी आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "सईचा दुपटा कुठाय? मला दे."

मला वाटलं, आठवण म्हणून मागतायत. मी म्हणाले, "काकी, ते नका मागू. दुसरं काहीही न्या. ते मी जपून ठेवणार आहे."

"कशाला? पेटीत? सईचे पाय भायेर येतात आता त्यातनं." त्यांनी हात पुढं केला. "खालच्या वाडीत पोर झालाय. पाऊस लागलाय आणि त्यांच्याकडं एकच दुपटा, तो वाळत नाय."

मी ट्रंक उघडली. दुपटं काढून एकदा नाकाशी धरलं. द्यायचं मनात नव्हतं, डोळे भरून आले होते, आणि ते त्यांना आता स्वच्छ दिसत होतं. त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला, सईचा पापा घेतला. मग घडी काखेत मारली, छत्री उघडली आणि जांभ्याच्या पायऱ्या उतरू लागल्या. टेम्पो सुटेपर्यंत थांबा म्हणून मी हाक मारली.

"थांबून कसा चालंल?" त्या मागं न बघता ओरडल्या. "धुवून वाळवायचा हाय ना अजून!"