झिजलेली कड

होटगी रोडवरच्या एका सीटवाल्याकडे मी गाडीच्या जुन्या लेदर सीट साफ करायला दिल्या होत्या. तो मऊ ब्रशनं फेस चोळायचा, फडक्यानं टिपायचा, मग डोळे मिटून अंगठ्यानं कातडं चाचपायचा. पुढच्या डाव्या सीटच्या कडेवर त्याचा अंगठा थांबला.

"हितं कोण बसतंय?"

"आमचे अण्णा, वडील माझे."

"गुडघं लई दुखत्यात की त्यांचं. हात रेटून उतरत्यात, म्हणून एवढीच कड झिजलीया."

अण्णा कधी बोलले नव्हते. आणि मी? गाडी थांबली की उतरून पुढं चालू पडणारा!

त्यानं कडेला रंग भरून ती झकास केली. नाव विचारायचं राहिलं. आता अण्णा उतरताना मी हात पुढं करतो, मनातल्या मनात त्याचे आभार मानतो. वर्ष झालं, कड अजून नवीकोरी आहे.