टेलरमावशीची चौथी भिंत

टेलरमावशीने दुकानाच्या तीनच भिंती बांधल्या. चौथी सरकारने आयती दिली होती. वस्तीची दृष्ट शहराला लागू नये म्हणून मध्ये घातलेली, चांगली दीड पुरुष उंच. वस्तीत काही डोंगराकडून आलेले, काही बंदराकडून. त्यांच्यात आपसांत विस्तव जात नसे, पण शहराने मोठ्या मनाने दोघांना एकाच भिंतीआड कोंबलं होतं.

शहरातल्या दुकानांत या लोकांना कपडे विकत मिळत, अंगात घालून बघायची मात्र सोय नव्हती. मावशीने मग त्याच भिंतीत खिळा ठोकला, पुरुषभर उंचीचा आरसा टांगला आणि पुढे पडदा सोडला. मावशी डोंगरातली, काज-बटण करणारी काकू बंदराची. दोन्हीकडच्या नवऱ्या त्याच आरशासमोर लाजल्या. त्यांच्या आया बाहेर एका बाकावर तोंड फिरवून बसत आणि शेवटी न राहवून दोघी मिळून शहराला शिव्या घालत. एकी झाली ती एवढीच, पण ती पक्की होती.

पुढे कायदा बदलला. भिंत पाडायला पुढारी हारतुऱ्यांसकट आले, तेव्हा मावशी आडवी उभी राहिली.

"अहो, माझं छप्पर कशावर टेकवू?"

"मावशी, ही गुलामीची खूण आहे!"

"असेल. माझा आरसा आहे तिच्यावर."

म्हातारीला गुलामी गोड लागते, असं लोक म्हणाले. मावशीच्या ते फार जिव्हारी लागलं. काकूने मात्र सुई खाली ठेवली नाही.

मग कुणा शहाण्याने सुचवलं, इतिहास म्हणून एक तुकडा राखू या. निवडला तो मावशीच्या पाठचाच. छपराखाली तोच तेवढा धड राहिला होता. मावशीचा जीव भांड्यात पडला.

"आता तेवढं दुकान हलवा," साहेब म्हणाले, "भिंत दिसत नाहीये."

दुकान हललं, म्हणजे मोडलं. शिवणयंत्र मावशीच्या खाटेखाली गेलं.

उद्घाटनानंतर दोघी भिंत बघायला गेल्या. पुढे चकचकीत काच, आत खिळा जागच्या जागी. काचेत दोघी अंधूक दिसत होत्या. मावशीचा हात सवयीने काकूच्या खांद्यावर गेला.

"नीट उभी राहा गं. डावा खांदा उतरलाय तुझा."

"आजी, रेषेच्या मागे व्हा," रखवालदार ओरडला.

दोघी निमूट मागे सरल्या. त्याचीही त्यांना सवय होती.