कुलदैवताचा रकाना

"आडनावावरून समजत नाही ना, बेटा," काका म्हणाले. "हे तुमच्यातले आहेत की त्यांच्यातले, ते कळायला पाहिजे. एक रकाना वाढव."

यवतमाळात काकांचं पुस्तकाचं दुकान. माझ्या नात्यातले नाही, सगळेच त्यायले काका म्हणत. त्यांच्याच कॉम्प्युटरसमोर मी बसली होती. काका मागं उभे, माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून. पडद्यावर बोरी अरबच्या एका माणसाचं नाव होतं. आमच्या वेबसाइटवर आपण होऊन नोंदणी करणारा हा पहिलाच अनोळखी माणूस. दारव्ह्याच्या एखाद्या नेट कॅफेत बसून केली असंल. त्याचं आन् माझं आडनाव एकच होतं. आन् मी होती त्यांच्यातली. काकाले ते माहीत नव्हतं.

आमच्या इकडं हे आडनाव कुणब्यात आहे, माळ्यात आहे, आम्हा बौद्धांतही आहे. म्हणून आडनाव सांगून भागत नाही. समोरचा लगेच विचारते, "कोणते?" मले काकानं कधी विचारलं नाही. कॉम्प्युटर क्लासचे सर मले घेऊन आले, घाटंजीची हुशार पोरगी आहे म्हणाले, आन् काकानं मनातल्या मनात मले कोण्या पाटलाच्या घरची करून टाकलं. मी काहून सांगू? मी काम कराले आलती. पण पहिल्या दिवसापासून मले शक होता. घरातून काकू चहा पाठवायची, त मी आधी कप पाहायची. हा कप कोणासाठी ठेवला असंल? कोणी जास्त गोड बोललं की सावध राहाचं, हे मायनं मले लहानपणीच शिकवलं होतं.

कापसाचे दिवस वाईट होते. माझे बाबा घाटंजीले जिनिंगमध्ये कामाले. कापसाच्या गाड्या येणं कमी झालं, जिनिंग अर्ध्या हंगामातच बंद पडाले लागलं, बाबा बाजेवर बसून राह्यले. माझं हे पहिलंच काम. बाजाराच्या दिवशी बाबा दिसंल त्याले सांगत, पोरगी यवतमाळात वेबसाइट बनवून राह्यली. वेबसाइट म्हणजे काय, त्यायले ठाऊक नव्हतं. बस, सांगत.

काकांचंही गिऱ्हाईक तुटलं होतं. कापूस बसला की खेड्यातला माणूस पुस्तक पहिलं सोडते. म्हणून त्यायले ऑनलाइन दुकान पाहिजे होतं. त्यांच्या दुकानाची एक जुनी पद्धत होती. ओळखीच्या माणसानं पुस्तक घरी न्यावं, चाळावं, आवडलं त ठेवावं, नाही त आणून द्यावं. "पाहायला नेतो" म्हणत. मले ही पद्धत लय आवडली. मी म्हटलं, काका, हेच वेबसाइटवर आणू. माणसानं नाव, गाव, फोन टाकावा, पासवर्ड ठेवावा. सगळं डेटाबेसमध्ये जाऊन बसते. लॉगिन केलं की पुस्तकं दिसतात, खाली कळ, 'पाहायला पाठवा'. मग महागावचा असो का बोरी अरबचा, एसटीनं पुस्तक पाठवायचं. डेटाबेस कोणाले "कोणते?" म्हणून विचारत नाही. मी त्या कामावर जीव टाकला होता तो याच्यासाठीच.

"काहून लागते काका ते?" मी विचारलं.

काकानं आवाज खाली केला. "त्यांच्याकडून वापस आलेलं पुस्तक मग दुसऱ्याच्या घरी जातं ना. मी मानत नाही असलं काही. गिऱ्हाईक मानतं."

मी मानत नाही. हे मी इतक्यायच्या तोंडून ऐकलं आहे! मानणारा माणूस मले आजवर भेटलाच नाही. सगळे दुसऱ्यासाठी मानतात.

"मग जात विचारू?" मी मुद्दाम म्हटलं.

"छे, ते बरं दिसत नाही. कुलदैवत विचार. कोणी भवानी लिहील, कोणी खंडोबा लिहील. ते लोक रिकामं सोडतील. रिकामं दिसलं की आपण समजून घ्यायचं, नाव मंजूर करायचं नाही. कोणाचा अपमान नाही, काही नाही."

माझ्या अंगाची आग झाली. किती डोकं लावलं होतं या माणसानं. माझ्या आजोबानं घरातले देव काढले, धम्म घेतला. आमच्या घरात त्याच्याहून मोठी गोष्ट झाली नाही. आन् हे त्या रिकाम्या जागेवरूनच आम्हाले हुडकणार होते. हुडकाचं यंत्र बनवणार कोण, त मी.

मग मनात आलं, यायले माहीत त नाही? मलेच चाचपून राह्यले का? मी वळून पाहिलं. तोंडावर काहीच नव्हतं. साधा, मायाळू म्हातारा. मले त्याचंच जास्त भेव वाटलं.

बाबा डोळ्यापुढं आले. चूप बसली असती त काम टिकलं असतं. कोणाले काहीच कळलं नसतं. रकाना भराले एखाद्या देवाचं नाव मलेही येत होतं.

मी रकाना बनवला. काका पाहतच होते. पानावर 'कुलदैवत' असं आलं.

"शाब्बास," काका म्हणाले.

"चालते का पाहू," म्हटलं, आन् माझीच नोंदणी केली. नाव. आडनाव. गाव घाटंजी. फोन. पुढचा रकाना रिकामा सोडला आन् कळ दाबली.

"अगं, शेवटचं राहिलं."

"नाही राह्यलं काका. ते तसंच आहे."

खुर्चीच्या पाठीवरचा हात निघाला. काका गल्ल्याकडं गेले, उगाच दोन पुस्तकं सरळ केली.

"आधी सांगायचं होतंस," ते म्हणाले.

"तुम्ही विचारलं नाही. आता विचारलं, त सांगितलं."

"तुझं वेगळं आहे, बेटा. तुला मी मंजूर करतो. रकाना राहू दे."

इथं माझी सटकली. मले मंजूर करते म्हणे! बोरी अरबच्या माणसाचं काय चुकलं होतं? तो यांच्या दुकानात बसून यांचं काम करत नव्हता, एवढंच.

मी त्यांच्यासमोर तो रकाना पुसला. म्हटलं, "नोंदणी केली की पुस्तक जाईल. मधात कोणी पाहणार नाही. असं पाहिजे असंल त उद्या येते."

"दुकान माझं आहे."

"हो. काम माझं आहे."

मी केलेलं काम पेन ड्राइव्हमध्ये घेतलं आन् निघाली. घरी सांगितलं. बाबा बाजेवर उठून बसले. मग म्हणाले, "बरं केलं म्हणू का काय म्हणू, मलेच समजून नाही राह्यलं." मी रडली. रागानं रडली, बाबावरही राग आला.

पुढं काकांचा क्लासवर फोन आला. "ये. रकाना नको."

"आन् मंजुरी?"

"ती मी माझी पाहीन."

म्हणजे रकाना पडद्यावरून उठून यांच्या डोक्यात बसणार. मी फोन ठेवला.

आता क्लासच्याच कॉम्प्युटरवर माझं दुकान मी बनवून राह्यली. पुस्तकं थोडी आहेत, वस्तीतल्या लोकायनं दिलेली. नोंदणीले नाव, गाव, फोन. मंजुरी देणारं पान मी बनवलंच नाही. माझ्यासाठीही नाही. मी शकी बाई आहे, मले माहीत आहे. उद्या मलेच एखाद्याचं नाव खटकलं, त त्याचं पुस्तक मलेही अडवता येऊ नये.