एका लग्नाच्या दोन सुपाऱ्या

माझ्या लग्नात सगळ्यात जास्त कष्ट कोणी उपसले असतील तर वाजंत्र्याने. मी नुसता घोड्यावर बसून होतो, आणि घोडाही उसना होता.

हा वाजंत्री वाशीमच्या कडेला मळा करून राहणाऱ्या घरातला. वांगी, मेथी, मिरच्या आणि सांभार, म्हणजे पुण्याकडचे लोक जिला कोथिंबीर म्हणतात ती. घरची माणसं भाजी पिकवत आणि बाजारात बसून विकत. याच्याकडे लहानपणी राखणीचं काम होतं. पाखरं हाकायला त्याच्या हातात गोफण दिली होती. त्याने ती झाडाला टांगली आणि पावा धरला. पाखरं आपला पावा ऐकायला येऊन बसत, असं तो मोठेपणी सांगत असे. त्याच्या थोरल्या भावाच्या मते ती मेथी खायला बसत. दोघांचंही खरं असावं.

पाव्यावरून तो दंडारीत शिरला. दंडार म्हणजे आमच्या वऱ्हाडातला गावोगाव चालणारा नाचगाण्याचा खेळ. एका खेपेला ढोलकीवाला तापाने पडला आणि याने ढोलकी गळ्यात घातली. ढोलकीवाला बरा होऊन आला, पण ढोलकी परत मिळवायला त्याला पुढचा हंगाम लागला. होळीला बंजाऱ्यांच्या तांड्यावर जाऊन हा नगारा शिकला. एक नाटक कंपनी वाशीमला येऊन बुडाली तेव्हा तिची पेटी मागे राहिली होती. तिचे काही सूर बोलत आणि काही खोकत. त्यातले खोकणारे टाळून वाजवायला हा शिकला. सनई मात्र त्याने रीतसर घेतली, देवळातल्या एका म्हाताऱ्या सनईवाल्याकडून. म्हाताऱ्याला वाजवता वाजवता डुलकी लागे. तेवढ्यात सनई उचलून सूर तुटू न देणं ही याची शिकवणी.

एकाच वाद्याला जन्म वाहावा, असं मी मोठमोठ्या ग्रंथांत वाचलेलं आहे. त्या ग्रंथकर्त्यांना मळा राखावा लागला नसावा.

मी शाळामास्तर होतो आणि आमची ओळख तिथलीच. एकदा बाजारच्या दिवशी तो वांग्यांची पाटी घेऊन शाळेवरून जात होता. घंटा पाहून त्याला राहवेना.

"मास्तर, एकडाव वाजवू द्या ना गा."

मी हो म्हणालो. त्याने ती अशी काही बडवली की पहिलीचा वर्ग नाचत बाहेर आला आणि पुन्हा आत जाईना. पाटी उचलून तो गंभीरपणे म्हणाला, "चांगली हाय. पन तुमी तिले लय उदास वाजवता."

विनय हा गुण त्याने कधी विकत घेतला नाही. "माह्या हातात आलं आन् बोललं नाही असं वाद्य अजून कोन्या सुताराने केलं नाही," हे त्याचं वाक्य सगळ्या बाजाराला पाठ होतं. बोलावणी मात्र चोहीकडून येत. लगीनसराईत त्याच्यावाचून आमच्या पट्ट्यातल्या मांडवांचं पान हलत नसे आणि त्याचं घर मळ्यापेक्षा या बोलावण्यांवर चालत असे.

लग्नासाठी वाजंत्री ठरवताना त्याच्या हातावर सुपारी ठेवतात. सुपारी घेतली की तो त्या घराचा झाला. आजवर घेतलेली एकही सुपारी आपण परत केली नाही, हा त्याचा खरा अभिमान, आणि तो बढाईत मोडत नव्हता, कारण त्याचा उल्लेख तो कधी करत नसे.

माझ्या लग्नाच्या वेळी त्याने दोन सुपाऱ्या घेतल्या.

हे समजायला आमच्याकडची चाल सांगायला हवी. त्या काळी आमच्या भागात सनईचा मान मुलीकडच्यांचा असे आणि वरातीबरोबरचं संबळ मुलाकडचं. वरात मुलीच्या गावच्या शिवेवर आली की लगेच आत घेत नसत. शिवेच्या अलीकडे संबळ, पलीकडे सनई, आणि दोघांचे सवालजवाब. ज्याचं वाद्य आधी थांबेल ती बाजू हरली. हरलेल्या बाजूला लग्नभर आणि पुढे बारशांपर्यंत टोमणे खावे लागत. आणि ज्या वाजंत्र्याच्या हातून बाजू हरली, त्याला ते गाव पुन्हा बोलावत नसे. टोमणे विसरले जात, ही गोष्ट विसरली जात नसे.

माझ्या सासऱ्यांनी त्याला सनईची सुपारी दिली. आठवड्याच्या आत माझ्या वडिलांनी संबळाची दिली. तिथी एक, मांडव एक, हे त्याला पक्कं ठाऊक होतं आणि त्याचाच त्याला आनंद झाला होता. पायपीट वाचली! सनईच्या वेळी सनई, संबळाच्या वेळी संबळ. त्या हिशेबात तो फक्त शीव विसरला.

माझे वडील आणि माझे सासरे, दोघेही आपापल्या गावचे मोठे खातेदार. दोघांचे फेटे इतके मोठे की समोरासमोर बसले तर मधल्या माणसाला ऊन लागू नये. ठरावाच्या बैठकीत दोघांनी एकमेकांना "आमचं काही मागनं नाही" असं पुनःपुन्हा सांगितलं होतं, आणि एवढ्या वेळा सांगितल्यावर दोघेही मनातून दुखावले होते. शिवेवरचा सामना हा त्याचा निकाल असणार होता.

लग्न गोरज मुहूर्ताचं. ऊन उतरायला लागलं तेव्हा वरात नाल्यावर पोचली. नाल्यात पाणी नव्हतं; तो त्या गावची शीव म्हणून तेवढा शिल्लक होता. अलीकडे आम्ही, पलीकडे आरतीचं ताट घेऊन मुलीकडचे. आमच्या पुढे संबळ कडाडत होतं. पलीकडून सासरे हात उंच करून ओरडले,

"थांबा बाप्पा! आमचा सनईवाला कोठी हाय?"

संबळ थांबलं. वाजवणाऱ्याने काठी वर केली. "इथंच हाय जी!"

"इथं म्हंजे कोठी?"

"हा काय. त्यायच्याच संग येऊन राह्यलो ना."

कमरेच्या शेल्यातून त्याने सनई काढून दाखवली. नाल्याच्या दोन्ही काठांवरची माणसं माना उंचावून त्या सनईकडे बघू लागली. मला घोड्यावरून सगळं नीट दिसत होतं; नवऱ्या मुलाला तेवढी एक सोय असते.

"अबे," माझे वडील म्हणाले, "तू आमचा हायेस का त्यायचा?"

"संबळ तुमचं, सनई त्यायची, पाटील."

"आन् तू?"

त्याने दोन्ही काठांकडे पाहिलं. शीव त्याला तेव्हा आठवली असावी, कारण त्याने सनई हळूच पुन्हा शेल्यात खोचली.

दुसरा वाजंत्री आणायचा तर लगीनसराई. कोस कोस एकही माणूस मोकळा नव्हता. सामना सोडून द्यावा, असं मी म्हणून पाहिलं. नवऱ्या मुलाचं लग्नात कोणी ऐकत नाही. सासरे म्हणाले, सनईशिवाय वरात आत यायची नाही. वडील म्हणाले, संबळाला उत्तर मिळाल्याशिवाय आम्हीच यायचे नाही. भटजी सूर्याकडे बघत म्हणाले, मुहूर्त काही नाल्यावर थांबायचा नाही.

तेव्हा वाजंत्री नाला उतरला आणि पलीकडे जाऊन त्याने सनईवर सवाल टाकला. मग इकडे येऊन संबळावर जवाब दिला. पुन्हा पलीकडे.

पहिल्या एक-दोन फेऱ्यांना माणसं पोट धरून हसली. नंतर मात्र आमच्या लोकांचं डोकं फिरलं. एकच माणूस दोन्हीकडे वाजवतो आहे हे विसरून दोन्हीकडची माणसं आपापली बाजू घेऊ लागली. सनई चढली की पलीकडून फेटे उडत. संबळ घुमलं की आमच्याकडून आरोळी उठे, "हान! पाड त्याले!" कोणाला पाडायचं हे विचारायला कोणाला सवड नव्हती. सासऱ्यांचे एक भाऊ ओरडले, "इकडे दमानं फुकून राह्यला, तिकडे जोर लावून राह्यला!" माझे काका उलटून म्हणाले, "तुमच्याकडे जाताना पळत जाते, आमच्याकडे येताना चालत येते!" हे खरं होतं. तिकडचा उतार होता.

सूर्य बाभळींच्या शेंड्यांना लागला. भटजींनी पोथी उघडून मिटली. वाजंत्री मधोमध नाल्यात थांबला. त्याची अडचण आता घोड्यालाही कळली असावी. कुठे तरी थांबायचं होतंच, आणि ज्या काठावर तो थांबेल त्याच्या समोरचा काठ हरणार होता. एक गाव आज त्याच्या हातून जाणार, आणि ती दोन्ही गावं त्याची जुनी गावं.

"पानी द्या जी," तो म्हणाला. दोन्हीकडून तांबे आले. त्याने दोन्ही प्यायले.

"बस झालं का गा?" वडिलांनी विचारलं. त्यांच्या आवाजात मला आशा ऐकू आली, कारण शेवटचा जवाब संबळाचा झाला होता.

"बस कायले? खाली ठेवलं का मी काही?"

त्याने शेला सोडून संबळ पोटाशी आवळून बांधलं. उजव्या हातात एकच काठी घेतली. सनई डाव्या हाताने ओठांना लावली, तिचं तोंड खांद्याकडे कललेलं. मग गाल फुगवून त्याने एक लांब सूर धरला, आणि त्या सुराखाली एका हाताने संबळ वाजवायला लागला.

ते फार चांगलं वाजत नव्हतं. एका हाताच्या सनईला वरचे चार-दोन स्वर तेवढे मिळतात, आणि एका काठीचं संबळ लंगडत चालतं. पण दोन्ही एकदम चालू होती, आणि सूर तुटत नव्हता. म्हाताऱ्या सनईवाल्याच्या डुलक्यांचं हे फळ. नाल्यातून तो वर चढला आणि गावाकडे चालू लागला. आता झालं असं की वाजंत्री निघाला की त्याच्यामागे निघायचं, हे आमच्या लोकांच्या पायांना ठाऊक असतं, डोक्याची परवानगी लागत नाही. मुलीकडचे निघाले, आमचे निघाले, घोडा निघाला. दोन्ही फेटे शेजारी शेजारी चालत होते आणि दोघेही हळूच कान देत होते, की कुठलं आधी थांबतं.

मांडवाच्या दारात त्याने काठी उंच उचलली. सगळ्यांनी श्वास रोखला. त्याचा तर केव्हाचाच संपला होता. काठी संबळावर पडली आणि त्याच ठोक्याला सनईचा सूर तुटला. दोन्ही वाद्यं एकदम गप्प. नंतर त्याने मांडवाचा खांब धरला आणि खाली बसला. भटजींनी क्षणभरही न दवडता मंगलाष्टकं सुरू केली. एवढ्या घाईत म्हटलेली मंगलाष्टकं मी पुन्हा ऐकली नाहीत.

दोन्ही बाजूंनी आपण जिंकलो असं ठरवलं. वडील जन्मभर सांगत, काठी आधी पडली असं वाटतं खरं, पण संबळाचा घुमारा मागे राहिला होता. सासऱ्यांच्या मते शेवटी ऐकू आला तो सनईचा श्वास. या मुद्द्यावर ते इतके बोलत की ठरावाच्या बैठकीतलं दुखणं दोघेही विसरून गेले. आणि पुढच्या लगीनसराईला दोन्ही गावांची बोलावणी त्याच्याकडे गेली. दोन्हीकडून एकच मागणी होती: तसंच वाजवा, दोन्ही एकदम.

त्याने साफ नकार दिला. "ते वाजवनं नव्हतं जी," तो म्हणे. "ते भांडन मिटवनं होतं. त्याची सुपारी मी घेत नाही." सुपारी हातात घेण्याआधी मात्र तो आता विचारू लागला, "पोरगी का पोरगा?"

लग्नानंतर काही महिन्यांनी तो वांगी घेऊन आमच्या दारात आला. माझी बायको पाटी उतरवून घ्यायला पुढे झाली. लग्नाच्या दिवशी वरात आली तेव्हा ती आत, दार लावलेल्या खोलीत, बायकांच्या गराड्यात होती. नवरीने बाहेर डोकावायचं नसतं. तिने जे काही झालं ते कानांनीच पाहिलं होतं, आणि वाजवणारा एकच होता हे मी तोवर तिला सांगितलं नव्हतं, कारण आमच्या घरात त्या विषयावर वडीलच बोलत, आणि ते फक्त काठी आणि घुमारा सांगत.

"बुवा," ती वांगी निवडता निवडता म्हणाली, "आमच्या लग्नात तुमची सनई चांगली झाली. पन तुमच्यासंग तो दुसरा कोन होता? संबळवाला. लय कच्चा होता बाई."

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा जराही हलला नाही.

"नवशिका होता, पोरी," तो म्हणाला. "पुन्हा नाही आनला त्याले."