देवमनच्या हातचं विमान

देवमन खिल्लारेचा दिवस पहाटे पावणेचारला सुरू होई. उशाशी गजराचं घड्याळ होतं, पण ते वाजायच्या आत तो उठलेला असे. चूळ भरून, बॅटरी घेऊन तो शेडमध्ये जाई. पेट्रोलजवळ कंदील आणणाऱ्याला तो उभा करत नसे.

वाशीम-रिसोड रस्त्यापासून कोसभर आत, माळावर मुरमाची एक पट्टी होती. पट्टीच्या टोकाला टिनाची शेड, शेडमध्ये दोन आसनांचं छोटं विमान. मालक रामधनजी, कापसाच्या जिनिंगचे. विमान स्वतः चालवत आणि हंगामात कपाशीवर फवारणी करत. वारा उठायच्या आत फवारणी संपवावी लागे, म्हणून विमान पाचला तयार पाहिजे. ते तयार करणं हे देवमनचं काम.

तो सातवी शिकलेला, मूळचा कामरगावचा. रिसोडला ऑइल इंजिनं दुरुस्त करायचा. त्याचा हात पाहून रामधनजींनी एकाहत्तर साली त्याला उचलून आणलं. शेडमागच्या खोलीत तो आणि बायको अंजना राहत. कागदावर सही करायला नागपूरहून इंजिनीयर येई, पण रोजचं विमान देवमनच्या हातचं होतं. पेट्रोल मऊ कातड्यातून दोनदा गाळायचं. टाकीच्या तळाचं थोडं काचेच्या बाटलीत काढून पाण्याचा थेंब आहे का पाहायचा. पंख्याच्या कडेवरून उघडी बोटं फिरवायची. खडा लागून कड तुटली असेल तर डोळ्याआधी बोटाला कळतं. विमान उतरलं की टाकीचं टोपण उघडून काठी बुडवायची आणि पेट्रोल किती उरलं ते पाहायचं. तीन वर्षांत यातलं एक काम त्याने एक दिवस चुकवलं नाही.

चौऱ्याहत्तरच्या भादव्यात विमान हवेत खोकू लागलं. वीस-पंचवीस मिनिटं झाली की इंजिन दम टाकायचं. पहिल्या वेळी रामधनजींनी ते कसंबसं पट्टीवर आणलं. देवमनने रात्र होईस्तोवर इंजिन उघडून पाहिलं. प्लग स्वच्छ. जाळी स्वच्छ. चालू केलं तर मक्खन. दोन दिवसांनी पुन्हा तेच. नागपूरचा इंजिनीयर आला. इंजिन दहा मिनिटं चालवून पाहिलं, कारण जमिनीवर त्याहून जास्त चालवलं तर ते तापतं. दोष सापडला नाही. जाताना त्याने विमानाच्या वहीत लिहिलं की पेट्रोल नीट गाळलं जात नाही.

रामधनजींनी ते वाचून दाखवलं.

"शेठजी, मी दोनदा गाळतो."

"मंग इंजिन काय नाटक करून राह्यलं? देवमन, वर मी असतो. खाली तुरी-कपाशी. एक डाव आखीन झालं, त तू आपली पेटी उचल."

देवमन जेवला नाही. पगार जाईल याचं दुःख होतंच. पण गाळलेल्या पेट्रोलवर बोट ठेवलं, हे त्याला जास्त झोंबलं होतं.

तिसऱ्या दिवशी तेच झालं. इंजिन बंद पडूनच विमान पट्टीवर टेकलं आणि मधोमध उभं राहिलं. रामधनजी खाली उतरले आणि विहिरीकडे तोंड धुवायला गेले.

देवमनने सवयीने टोपणाला हात घातला. टोपण घट्ट बसलं होतं. जोर लावून फिरवलं तेव्हा टाकीने सूंऽऽ करून हवा आत ओढली. तो थबकला. हा आवाज मागच्या दोन्ही वेळी झाला होता, पण त्याने कान दिला नव्हता.

रॉकेलच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल थोडं येतं आणि थांबतं. हवेला दुसरं भोक लागतं. विमानाच्या टाकीचं दुसरं भोक म्हणजे पंखाखाली वाकवलेली बारीक नळी. ती बुजली असेल, तर पेट्रोल कमी होईल तशी टाकी ते आत ओढून धरणार, इंजिनाला मिळणार नाही. आणि उतरल्याबरोबर आपण टोपण उघडतो, म्हणजे दोष आपल्याच हाताने मोकळा करून टाकतो.

तो पंखाखाली पाठीवर निजला आणि सायकलचा आरा नळीत घातला. वाळक्या चिखलाचा खडा तळहातावर पडला. मागून चार निपचित कोळी. पिलांसाठी मातीच्या घरात कोळी भरून ठेवणाऱ्या कुंभारीण माशीचं घर.

शेडच्या भिंतीवर तशी नऊ घरं होती. दर वर्षी तो ती खरडून काढी. या वर्षी काढली नव्हती. लग्नानंतर आठ वर्षांनी अंजनाला दिवस गेले होते आणि कुंभारणीने घर केलं की ते मोडू नये, असं तिची आई सांगून गेली होती. देवमनचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. तरी त्याने खरडणी उचलली नव्हती.

आसपास कोणी नव्हतं. खडा गवतात फेकला असता, तर कोणाला कळलं नसतं. तो विहिरीवर गेला आणि तळहात पुढे केला.

"शेठजी, हे हवेच्या नळीत होतं. भिंतीवरचे घरं मी राहू देले. चूक माही हाये."

"काहून राहू देले?"

देवमनने सांगितलं. रामधनजींनी बोटाने एक कोळी उलटा करून पाहिला.

"तुह्या घरी पोरगं येईन म्हनून मले वर पाठवत होता काय रे?" ते म्हणाले. "आता इंजिन बंद पडनार नाई?"

"नाई."

"पक्कं?"

"पक्कं."

"मंग बस मांगं."

देवमन कधी वर गेला नव्हता. अंजना पोट सांभाळत दारात आली होती. "अवो, खाली पाहू नोका, चक्कर येते!" ती ओरडली, जशी काही रोज उडत होती.

चाळीस मिनिटं विमान हवेत होतं. देवमनने ना शेतं पाहिली, ना गाव. डोळे मिटून तो इंजिन ऐकत होता. ते एकदाही अडखळलं नाही. उतरल्यावर त्याने टोपण उघडलं. आवाज आला नाही. मग काठी बुडवली.

शेडमध्ये गेला तर अंजना खराटा उलटा धरून भिंतीवरची घरं पाडत होती.

"तुही आई काय म्हनीन?"

"पोटातलं पोटात हाये. मानसं वर उडून राह्यले." शेवटचं घर तिने टाचेखाली चिरडलं.

रामधनजींनी वहीतलं ते पान फाडलं नाही. त्याच्याखाली स्वतःच्या हाताने लिहिलं की पेट्रोलचा दोष नव्हता, आणि दिवाळीपासून पगार वाढवला. देवमनच्या कामात एकाची भर पडली: रोज पहाटे नळीत फुंकर. मुलगी झाली. विमान आणखी पाच वर्षं उडालं. एकदाही हवेत बंद पडलं नाही. मग फवारणी परवडेना आणि शेठनी ते विकलं.

त्याच महिन्यात अकोल्याहून एक ट्रक कामरगावच्या स्टँडवर येऊन थांबला. सहा गड्यांनी बल्ल्या लावून त्यातून एक जुनं लेथ मशीन उतरवलं. गावात स्वतःचं दुरुस्तीचं दुकान टाकायला देवमनने ते आठ वर्षांच्या पगारातून घेतलं होतं. त्याने आधी मशीनवरचं गंजरोधक ग्रीस पुसलं, मग गड्यांना चहा सांगितला.