रंगाखालचा जोड

स्पर्धेचे तपासनीस साखळी गावातल्या आमच्या गॅरेजमध्ये आले, तेव्हा माझी आई नारळ घेऊन उभी होती. रेसच्या गाडीतला रोल केज, म्हणजे चालकाभोवतीचा लोखंडी पिंजरा, मी हौसेने लालभडक रंगवला होता.

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "नारळ मागीर फोडया, आई. आधी जोड बघूया," म्हणत सीटवरच्या जोडाचा रंग खरवडला. खाली चीर निघाली. मी मनातल्या मनात त्यांना शिव्या घातल्या. वेल्डिंग नव्याने झाल्यावरच त्यांनी मंजुरी दिली आणि आईला म्हणाले, "आता फोडा."

पुढे शर्यतीत गाडी उलटली. मी चालत बाहेर आलो.

नारळ फोडला की आई आजही खोबऱ्याचा एक तुकडा बाजूला ठेवते. "हो तेंचो," म्हणते; हा वाटा त्या तपासनीसांचा. नाव आम्ही विचारलंच नव्हतं.